राजा मूळचा पैठणचा

माणसाच्या मानगुटीवर भूत बसायला अमावास्याच लागते असं नाही. माझ्या नातवाच्या मानगुटीवर मी बसलो तो जून महिन्यातल्या एका सोमवारी, भर सकाळी, नांदेड-लातूर एसटीत. त्याच्या मांडीवर पुस्तकांची पिशवी होती, माझ्या मांडीवर लोणच्याची बरणी होती, आणि दोघांच्याही मनात एकच विचार होता, की हा प्राणी आता दोन वर्षं आपल्याबरोबर राहणार.

मुलाला डॉक्टर करायचं तर लातूरला धाडलं पाहिजे, असा आमच्या मराठवाड्यात गेली तीसेक वर्षं संकेत आहे. त्याला लातूर पॅटर्न म्हणतात. आता नांदेडात शिकवण्यांची वाण आहे असं मुळीच नाही. विजेच्या खांबाला खांब दिसत नाही इतक्या पाट्या आहेत. लातूरकडची मुलं नांदेडला शिकायला येतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणजे दोन्हीकडच्या एसट्या वाटेत कुठंतरी एकमेकींना ओलांडत असणार आणि आतले आजोबा एकमेकांकडे बघून मान हलवत असणार. पण पिकतं तिथं विकत नाही, हा नियम शिकवणीइतका दुसऱ्या कुठल्या मालाला लागू नसेल.

पोराबरोबर कुणीतरी राहायला हवं असं ठरलं. मुलगा बँकेत, सून शाळेत, आणि आमच्या मंडळींचे गुडघे त्यांच्या ताब्यात नाहीत. उरलो मी. घरात एखादी वस्तू कुठंच बसेना, की ती माळ्यावर टाकतात. मला लातूरला टाकलं.

खोली दहा बाय बारा. त्यात दोन कॉट, एक टेबल आणि एक खुर्ची. खुर्ची एकच का, याचा उलगडा मला दुसऱ्या दिवशी झाला. अभ्यास एकट्यालाच होता. माझी अडचण अशी, की मी चाळीस वर्षं शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलं. गप्प बसण्याची सवय मला नाही, माझ्यासमोर बसणाऱ्यांना असे. नातू उलट. दिवसाकाठी तो सात शब्द बोले, त्यातले पाच ‘हं’ असत. सकाळी गंजगोलाईकडे जाऊन सुशीला आणावी (सुशीला म्हणजे फोडणीचे चुरमुरे, पुण्यामुंबईच्या वाचकांनी दचकू नये), गोलाईला मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी नेमका चुकीचा धरावा, तासाभरानं घरी यावं, तर हा पुन्हा ‘हं’. आमच्या दोघांत भूत कोण आणि माणूस कोण, हे एखाद्या तिऱ्हाइतानं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

एका रात्री मला दीडच्या सुमाराला जाग आली. पाहतो तो पलीकडच्या पांघरुणातून निळा उजेड येतोय.

“काय वाचायलास रे?”

“बायो.”

“बायोत माणसं एवढी ओरडतात?”

पडद्यावर एक पोरगं आणि वाघासारखं एक अक्राळविक्राळ धूड, दोघं तोंड फाडून एकमेकांवर खेकसत होते. पांघरुणातून बराच वेळ काहीच आलं नाही. मग हळूच आवाज आला, “आबा, घरी सांगू नका की.” सात शब्दांच्या रेशनातले पाच माझ्यावर खर्च झाले. मी उठून त्याच्या कॉटवर जाऊन बसलो.

ती जपानी चित्रकथा होती. त्यांच्याकडे तिला मांगा म्हणतात. नाव ‘उशिओ आणि तोरा’, काढणारा काझुहिरो फुजिता, १९९० ते १९९६ अशी सहा वर्षं तिकडच्या एका साप्ताहिकात चालली आणि तेहेतीस भागांत पुस्तकरूपानं निघाली. चौकटी उजवीकडून डावीकडे वाचायच्या. आमच्या वडिलांना हे सहज जमलं असतं, निजामाच्या राज्यात त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालं होतं. मला मात्र पहिली दहा पानं भांडण आधी संपून मग सुरू होतंय असंच वाटत राहिलं.

गोष्ट अशी. उशिओ हा एका देवळाच्या पुजाऱ्याचा मुलगा. देवळाखालच्या तळघरात त्याला एक राक्षस सापडतो, एका मंतरलेल्या भाल्यानं पाचशे वर्षं दगडाला खिळलेला. भाला काढ म्हणून तो गयावया करतो, आणि काढलास की पहिलं तुलाच खाईन हेही प्रामाणिकपणे सांगून टाकतो. अशाला कोण सोडणार? पण बाहेर दुसरी भुतं मैत्रिणींच्या जिवावर उठतात आणि पोराला भाला उपसावाच लागतो. तेव्हापासून हा राक्षस, तोरा, त्याच्या मागे मागे. खायचं तर आहे, पण भाला पोराच्या हातात. पोराला तो नकोसा, पण दुसऱ्या भुतांशी लढताना तोच कामाला येतो. सुटका कुणालाच नाही. नावातही एक खोच आहे. ‘उशी-तोरा’ म्हणजे जपानी पंचांगातली बैल-वाघाची दिशा, म्हणजे आपली ईशान्य, आणि त्यांच्याकडे भुतं येतात ती या दिशेनं. आमच्या सुनेनं वास्तुशास्त्र पाहून देवघर ईशान्येला हलवलं आहे. तिला मी हे अजून सांगितलेलं नाही.

“अरे, हे तर आपलं आहे!” मी म्हणालो.

नातवानं डोळे मिटले. सगळं काही आपल्याकडूनच परदेशी गेलं असं म्हणणारे एक गृहस्थ खालच्या मजल्यावर राहतात आणि जिन्यात गाठतात, त्यांची त्याला आठवण झाली असावी. माझं म्हणणं तसं नव्हतं. जपान्याची गोष्ट जपान्याचीच. मला आठवला होता तो ‘चांदोबा’.

‘चांदोबा’ काढणारे बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी हे मद्रासचे सिनेमावाले. मासिक आधी तेलुगू आणि तमिळमध्ये, १९४७च्या जुलैत निघालं. मराठीत आलं १९५२ साली. मी अक्षरं लावायला लागलो तेव्हा आमचा जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात नुकताच आला होता आणि ‘चांदोबा’ नांदेडच्या स्टेशनावर, मीटरगेजच्या गाडीनं. त्यातलं पान उघडलं की शंकरांचं चित्र. संपूर्ण नाव के. सी. शिवशंकरन. हा चित्रकार साठ वर्षं त्याच मासिकात राहिला आणि नव्वदी ओलांडून २०२० साली वारला. उपसलेली तलवार हातात, खांद्यावर प्रेत, पायाखाली कवट्या, आणि राजा असा चाललाय की जणू पिठाची गिरणी बंद व्हायच्या आत पोचायचंय. वेताळाच्या मूळ गोष्टी पंचवीस. त्या केव्हाच संपल्या, पण लोकांनी सोडलं नाही, म्हणून मद्रासच्या कचेरीत नव्या रचल्या जात राहिल्या आणि राजा बिचारा ‘चांदोबा’ बंद पडेपर्यंत, म्हणजे २०१३च्या आसपासपर्यंत, त्याच झाडाखाली खेपा घालत राहिला.

आमच्या वडिलांना ‘चांदोबा’ चालत नसे. मी तो अंकगणिताच्या पुस्तकात ठेवून वाचायचो. एकदा वेताळानं प्रश्न विचारला आणि मी पान उलटणार, तेवढ्यात अंक वरच्या वर उचलला गेला. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी तो शांतपणे पाण्याच्या बंबात घातला. त्या दिवशी मी अंघोळ केली ती विक्रम राजावर तापलेल्या पाण्यानं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर मला आजतागायत कळलेलं नाही.

पुढं १९८५ साली रामानंद सागरांनी दूरदर्शनवर ‘विक्रम और बेताल’ आणलं. अरुण गोविल राजा आणि सज्जन वेताळ. दोनच वर्षांनी हाच अरुण गोविल राम झाला. पाठीवरचं भूत उतरलं की माणूस कुठल्या कुठं जातो पहा. पण सांगायचा मुद्दा निराळा आहे. त्या मालिकेवरून आमच्या शिक्षकांच्या खोलीत वाद झाला. सगळे म्हणाले, विक्रम उज्जैनचा. मीही तेच म्हणालो असतो, पण वाद सर्वानुमते मिटावा हे मला पटेना, म्हणून ग्रंथालयातून सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ काढला. सोमदेव काश्मीरचा, अकराव्या शतकातला. अनंत राजाच्या सूर्यवती राणीला करमावं म्हणून त्यानं हा ग्रंथ लिहिला. त्याच्या बाराव्या लंबकात वेताळाच्या गोष्टी आहेत. सुरुवात वाचली आणि मी खुर्चीत सरळ बसलो. राजाचं नाव त्रिविक्रमसेन. गाव गोदावरीकाठचं प्रतिष्ठान.

म्हणजे पैठण! आमच्या घाटाखालून जे पाणी वाहतं तेच वर पैठणहून येतं. आज जायकवाडीचे दरवाजे उघडले की नांदेडकर नदीकाठची भांडी उचलायला धावतात. ज्याच्यासाठी मी वडिलांचा मार खाल्ला तो राजा उज्जैनचा नव्हता, वरच्या अंगाचा आमचा शेजारी होता. त्याची माळव्यात बदली झाली ती नंतर. हिंदी ‘बैतालपचीसी’त येईपर्यंत राजा धारानगरी-उज्जैनचा झालेला दिसतो. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी १८३० साली ‘वेताळपंचविशी’ आणली. मराठवाड्याचा माणूस मोठा झाला की बाहेरगावचा होतो, हे त्या काळापासून चालू असावं.

नातवाला हे सगळं मी रात्री दोन वाजता सांगितलं. तो म्हणाला, “परीक्षेला आहे का?”

प्रश्न लागट होता, पण मला उत्तर ठाऊक होतं. आहे! ‘बैतालपचीसी’ १८०५ साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजानं छापली ती कंपनीच्या गोऱ्या साहेबांना हिंदुस्तानी शिकवायला. पुढं कित्येक वर्षं लष्करातले इंग्रज अधिकारी भाषेच्या परीक्षेला हे पुस्तक पाठ करत. लाल तोंडाचा एखादा लेफ्टनंट डोक्याला ओला रुमाल बांधून शिंशपा झाडाचा अर्थ घोकतो आहे, हे चित्र नातवाला आवडलं. तो चक्क हसला. मग मी सोडतो होय?

म्हटलं, शिकवणी वर्गसुद्धा आपल्या पैठणचेच. ऐक. सातवाहन राजा राण्यांबरोबर पाण्यात खेळत होता. राणी दमली आणि संस्कृतात म्हणाली, ‘मोदकैः’, म्हणजे ‘मा उदकैः’, पाणी मारू नका. राजाला संधी सोडवता आला नाही. त्यानं ताटभर मोदक मागवले. राणी हसली, दासीही हसल्या, आणि राजानं अंथरूण धरलं. संस्कृत येईपर्यंत जेवणार नाही म्हणाला. दरबारात गुणाढ्य नावाचा पंडित होता. तो म्हणाला, व्याकरणाला बारा वर्षं लागतात, मी सहा वर्षांत शिकवतो. दुसरा, शर्ववर्मा, पुढं सरसावला आणि म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो, नाही शिकवलं तर बारा वर्षं तुमच्या पादुका डोक्यावर वाहीन!

“क्रॅश कोर्स,” नातू म्हणाला.

तोच. आणि निकालाची हमीसुद्धा. गुणाढ्य चिडून म्हणाला, तसं झालं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्म्यानं ते करून दाखवलं. ‘कातंत्र’ म्हणून त्याचं आटोपशीर व्याकरण आहे, आणि ते चांगलं आहे हे मला शिक्षक म्हणून कबूल केलं पाहिजे. सहा वर्षंवाल्या गुणाढ्याला पैठण सोडावं लागलं. तो विंध्याच्या रानात गेला. बोलायला भाषाच उरली नव्हती, म्हणून पिशाचांची भाषा शिकला. भुताखेतांकडून ऐकलेल्या कथा त्यानं सात वर्षं स्वतःच्या रक्तानं लिहून काढल्या, सात लक्ष श्लोक, आणि पैठणच्या राजाकडे धाडल्या. राजा आता व्याकरण शिकलेला! भाषा पैशाची, शाई रक्ताची, ग्रंथ अवाढव्य, असं म्हणून त्यानं ते भारे परत पाठवले.

गुणाढ्यानं डोंगरावर आग पेटवली. एकेक पान वाचायचं आणि आगीत टाकायचं. वाचणारा एक आणि ऐकणारे रानातले हरणं, डुकरं, रेडे. चरायचं सोडून डोळ्यांतून पाणी गाळत ते भोवती उभे. जनावरं वाळली, राजाच्या ताटातलं मांस सुकं पडू लागलं, राजाचं पोट बिघडलं. वैद्यानं स्वयंपाक्याला विचारलं, स्वयंपाक्यानं पारध्याला, तेव्हा बातमी कळली. राजा धावत गेला तोवर सहा लक्ष श्लोक जळले होते. उरलेला एक लक्ष म्हणजे ‘बृहत्कथा’. तीही पुढं हरवली, सोमदेवानं तिचंच सार काश्मिरात संस्कृतात उतरवलं. वेताळाच्या गोष्टी गुणाढ्याच्या मूळ ग्रंथात नसाव्यात, काश्मीरकडच्या जुळणीत मागाहून शिरल्या असाव्यात, असं पुष्कळ विद्वान मानतात. मानोत. पत्ता त्यांनी पैठणचाच दिला, एवढं मला पुरे आहे.

हे सांगताना मला बंब आठवला हे उघड आहे. नातवाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं मोबाइल माझ्यापुढं केला आणि म्हणाला, “आता बंब कुठाय आबा, गीझर आहे.”

त्यानंतर आमचा एक परिपाठच पडला. रात्री अकराला पुस्तकं मिटायची आणि मी वेताळाचा एक प्रश्न घालायचा. त्याला त्या प्रश्नांची पद्धत भलतीच ओळखीची वाटली. एक मुलगी आणि तिला मागणी घालणारे तिघं जण. मुलगी मरते. एक जण तिच्या राखेवर अंथरूण घालून राहतो, दुसरा अस्थी गंगेत नेतो, तिसरा देशोदेशी हिंडून मंत्राची पोथी मिळवतो आणि तिला उठवतो. नवरा कोण? “पर्याय तीन,” नातू म्हणाला, “उठवणारा.” चूक. राजा म्हणतो, जीव दिला तो बाप झाला, अस्थी नेल्या तो मुलगा झाला, राखेवर झोपला तोच नवरा. नातवाच्या परीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीला एक वजा होतो. वेताळाचं गणित उलटं. उत्तर बरोबर आलं की प्रेत परत झाडावर, मेहनत पाण्यात. बरं, गप्प बसावं, तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शंभर शकलं होतील, अशी धमकी. म्हणजे हुशार माणसानं करावं काय? तेवीस वेळा राजा बोलला आणि तेवीस वेळा उलटपावली गेला. चोविसाव्या खेपेला वेताळानं एक नातं विचारलं. बापानं मुलीशी लग्न केलं आणि त्याच्या मुलानं तिच्या आईशी, तर त्यांच्या पोरांनी एकमेकांना काय म्हणायचं? राजानं डोकं खाजवलं आणि मुकाट चालू लागला. खरंच माहीत नव्हतं. तिथं वेताळ प्रसन्न झाला. ज्याच्यासाठी प्रेत नेतोयस तो क्षांतिशील गोसावी तुझाच बळी देणार आहे, त्याला म्हणावं साष्टांग नमस्कार कसा घालतात ते आधी तूच करून दाखव, हे त्यानंच राजाला सांगितलं. रात्रभर मानेवर बसलेलं भूतच शेवटी पाठीराखं निघालं. राजानं वर काय मागितला? राज्य नाही, सोनं नाही, फक्त या गोष्टी पृथ्वीवर लोकांच्या ओठी राहोत.

गोष्ट संपली तेव्हा दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. चाचणीचे गुण त्याच दिवशी लागले होते आणि ते बरे नव्हते. मी म्हटलं, माझाही एक प्रश्न आहे. तुला डॉक्टर व्हायचंय का? एक, हो. दोन, नाही. तीन, पप्पा म्हणतात म्हणून. चार, यांपैकी नाही.

पंख्याचा आवाज येत होता. खालच्या गृहस्थांनी दार लावल्याचा आवाज आला. मी दुसऱ्या कुशीवर वळणार होतो.

“माहीत नाही, आबा,” तो म्हणाला. “खरंच माहीत नाही.” आणि मग पाठ करून झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडहून मुलाचा फोन. गुण त्याला आमच्या आधी कळले होते.

“आबा, मोबाइल काढून घ्या त्याचा.”

“घेतला,” मी म्हणालो.

खोटं नाही. तो वर्गाला जातो तेव्हा मोबाइल माझ्याकडेच असतो. तेहेतीसपैकी माझा अकरावा भाग चालू आहे. राक्षसानं पोराला अजून खाल्लेलं नाही.

दिवाळीला आम्ही दोघं नांदेडला जाणार. फराळाच्या ताटावर मुलगा मला विचारणार, आबा, तुम्हाला काय वाटतं, ह्याचं होईल का? माहीत असून गप्प बसलो तर माझ्या डोक्याची शंभर शकलं, आणि बोललो तर पोरगं पुन्हा झाडावर. एसटीची दोन तिकिटं काढून ठेवली आहेत.